तेलाच्या टँकरवरचं पहिलं वर्ष : अनुभव धागा

भाचा हडपसरला असतो. हेवी लायसन्स हातात आलंय आणि आता म्हणतो, लोणी काळभोरच्या डेपोवरून पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवणार. घरात दोन तट पडलेत. मी बारा वर्षं मालट्रक चालवला, पण टँकरच्या वाटेला गेलो नाही. ज्यांनी ही लाइन केली आहे त्यांनी पहिल्या वर्षाचं लिहा. पगार नको, तो मालकागणिक बदलतो. आलेली उत्तरं खाली एकेका मथळ्याखाली लावतोय, प्रत्येक वेगळ्या माणसाचं.

पाणी ते डिझेल

मी आधी दोन वर्षं वाघोलीकडच्या सोसायट्यांना पाणी टाकायचो. हसा खुशाल, पण टँकर मला तिथंच कळला. भरलेली गाडी सरळ असते, रिकामीही. अर्धी गाडी बेइमान. एकदा सिग्नलला गाडी थांबली, पाणी थांबलं नाही. मागून लाट पुढं आली आणि गाडी हातभर सरकून रिक्षाला टेकली. रिक्षावाला काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेलाच्या टँकरला कप्पे असतात म्हणून लाट तेवढी खेळत नाही, तरी दिवे घाटात वळणावर गाडी कलायला लागली की पाठीला कळतं. वेग वळणाच्या आधी उतरवायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक आठवून उपयोग नाही.

१२०३

नुसतं हेवी चालत नाही. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचा कोर्स करून लायसन्सवर तशी नोंद लागते, ती तीन वर्षं चालते. मी तो कोर्स म्हणजे कागद गोळा करणं समजलो होतो. मास्तरांनी टँकरवरच्या पाटीचा फोटो दाखवून विचारलं, १२०३ काय आहे? मी म्हणालो, गाडीचा नंबर. वर्ग हसला. १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल. गाडी उलटली आणि ड्रायव्हर शुद्धीवर नसला, तर अग्निशमनवाल्यांना ती पाटीच सांगणार आत काय आहे.

चूक माझीच

तिसरा महिना. रात्री अकराला सोलापूर रोडच्या एका पंपावर पोचलो. दोन कप्पे डिझेल, एक पेट्रोल. ठिणगी पडू नये म्हणून अर्थिंगची वायर लावली, अग्निशामक काढून बाजूला ठेवले, डिप घेतली म्हणजे काठी बुडवून तेल मोजलं, सगळं बरोबर. मॅनेजर जेवायला गेलेला. नवा पोरगा टॉर्च घेऊन आला आणि म्हणाला, "पेट्रोलचं हे." पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण रंगावरून ओळखायचं, तर तो रंगच उडालेला. मी वाकून पुसलंसुद्धा नाही. पाइप जोडला, व्हॉल्व्ह उघडला. पाइप थरथरत होता, मी त्यावर पाय ठेवून उभा. तेवढ्यात रात्रपाळीचे काका ओरडत पळत आले, "अरे डिझेलमध्ये सोडतोयस!"

व्हॉल्व्ह बंद केला तोवर बरंच उतरलं होतं. त्या टाकीची विक्री तिथल्या तिथं थांबवली. रात्रभर मी पंपाच्या कट्ट्यावर बसून होतो. नुकसानीतला वाटा मालकानं सहा महिने पगारातून कापला. पोरग्याला कुणी काही बोललं नाही, आणि खरं तर बोलायला नकोच होतं. आजही व्हॉल्व्ह उघडण्याआधी मी स्वतः डिपकाठी बुडवून वास घेतो. पंपवाले वैतागतात. वैतागू देत.

घरातून

नवरा या लाइनवर आहे. डेपोच्या गेटवर मोबाइल, काडेपेटी सगळं काढून घेतात. नंबर लागेपर्यंत चार-पाच तास फोन बंद. पहिल्या वर्षी मी दर वेळी काहीबाही मनात आणायचे. आता कुकर लावते. नायलॉनच्या घर्षणानं ठिणगी पडू शकते, म्हणून नायलॉनचा शर्ट मात्र कपाटातून कायमचा गेला, अंगावर सुतीच.

आखातातून

भाचा पुढं तेलाच्या विहिरींकडे जायचं म्हणेल, म्हणून लिहितो. ओमानला रिगवर, म्हणजे विहीर खोदायच्या जागी, टँकरनं पाणी पोचवायचो. इथलं लायसन्स तिथं धरलं नाही, परीक्षा नव्यानं द्यावी लागली. वेग आणि दाबलेला प्रत्येक जोराचा ब्रेक गाडीतल्या पेटीत नोंदला जायचा. पण खरी ठोकर इथंच खाल्ली. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. माझ्याकडून त्याच्या चौपट घेतले, पावती शून्य. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट या वेबसाइटवर नोंदलेला आहे का, ते आधी बघा.

धागा काढणारा

भाचा शेजारी बसून सगळं वाचतोय. झाकणाचा किस्सा दोनदा वाचला. विचारतोय, वाघोलीकडे पाण्याच्या टँकरवर कुणाकडे जागा आहे का?