ओल्या घाटात टायरची पकड : नवे टायर पुढे बसवावेत की मागे?

हडपसर-सासवड प्रवासी

नमस्कार. मी सासवडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली सहा वर्षे रोज हडपसरहून दिवे घाटमार्गे स्वतः गाडी चालवत ये-जा करते. गेल्या मंगळवारी वळिवाच्या पहिल्या सरीला सुरुवात होऊन अर्धा तासही झाला नव्हता. घाट उतरताना उजवीकडच्या एका वळणावर मी नेहमीप्रमाणे चाळीसच्या आसपास होते. पुढचा टेम्पो अचानक थांबला, म्हणून ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल थरथरले आणि स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलेले असूनही गाडी सरळच सरकत गेली. डावीकडच्या कठड्यापासून जेमतेम हातभर अंतरावर ती थांबली. तेव्हापासून त्या वळणावर आले की छातीत धडधडते.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात गेले. ते म्हणाले की टायर अजून कायद्याच्या मर्यादेत आहेत. बदलायचेच असतील तर दोनच घ्या आणि ते पुढे बसवा. शिवाय पावसाळ्यात हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवली की पकड वाढते. हवेचा हा सल्ला मी मागचे दोन पावसाळे पाळतच आले आहे. तो बरोबर आहे का? आणि पुढची चाके घसरली असताना नवे टायर पुढेच बसवणे योग्य नव्हे का? माझी मुलगी स्कूटरने कॅम्पात कॉलेजला जाते, तिच्यासाठीही काही सांगता आले तर सांगावे.

टायरवाला, नाना पेठ

ताई, आधी हवेचे सांगतो, कारण तेच सर्वांत जास्त चुकते आहे. वाळूत किंवा चिखलात रुतलेली गाडी काढताना हवा कमी करतात, तो प्रकार वेगळा. डांबरी रस्त्यावर हवा कमी असली की टायरच्या मधल्या भागाचा दाब हलका होतो, खोबणी आवळल्या जातात आणि ज्या वाटेने पाणी बाहेर जायचे तीच वाट अरुंद होते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा छापलेला असतो, तेवढी हवा बाराही महिने ठेवा आणि गाडी चालवून टायर गरम होण्याआधी, सकाळी मोजा.

आता मर्यादेबद्दल. चारचाकीसाठी नियमाने १.६ मिलिमीटर नक्षी शिल्लक हवी. खोबणीच्या तळाशी रबराचा जो छोटा उंचवटा असतो, तो तेवढ्याच उंचीचा असतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. पण नवा टायर साधारण सात-आठ मिलिमीटर नक्षी घेऊन येतो. त्यातली तीन उरली की कोरड्या रस्त्यावर काहीच फरक जाणवत नाही आणि ओल्या रस्त्यावर मात्र बराच पडतो. मी स्वतःच्या गाडीचे टायर गोटा होण्याची वाट कधी पाहत नाही. तीनवर आले की बदलतो.

टायर किती जुना आहे तेही पाहा. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ३११९ असेल तर २०१९ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी उन्हात राहून रबर कडक झाले की पकड जाते.

यांत्रिकी अभियंता, बावधन

मॅडम, आपण विज्ञान शिकवता, म्हणून थोडे गणित मांडतो. तुमची गाडी पाण्यावर तरंगली नव्हती. तसे होण्यासाठी रस्त्यावर साचलेले पाणी आणि बराच जास्त वेग लागतो; ते महामार्गावर सत्तर-ऐंशीच्या पुढे घडते आणि तेव्हा स्टिअरिंग एकदम हलके लागते. घाटात घडले ते वेगळे. महिनोन्‌महिने साचलेले तेल, धूळ आणि झिजलेल्या रबराचा चुरा पहिल्या सरीत पाण्यात कालवला जातो आणि त्याचा पातळ लेप रस्त्यावर पसरतो. तासभर धो-धो पाऊस कोसळल्यावर तोच रस्ता पुष्कळ बरा होतो.

टायरची पकड ही ठरावीक शिल्लक असते आणि वळणे व थांबणे ही दोन्ही कामे तिच्यातूनच भागवावी लागतात. वळणावर लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तीसऐवजी चाळीसने गेल्यास पावणेदोन पटींहून किंचित जास्त. त्यात तुम्ही ब्रेकही लावलात. एबीएसने चाक जाम होऊ दिले नाही, तीच ती थरथर. पण रस्त्यावर नसलेली पकड एबीएस आणणार कुठून?

घर्षणांक कोरड्या डांबरावर ०.७ आणि ओल्यावर ०.४ धरला, तर ताशी ४० किलोमीटरवरून थांबायला अनुक्रमे नऊ आणि सोळा मीटर लागतात. शंभर मीटरला सहा मीटर उतार धरल्यास ओल्या रस्त्यावरचा आकडा साडेअठरावर जातो. त्याआधी पाय ब्रेकवर जाईपर्यंत एका सेकंदात अकरा मीटर निघून गेलेले असतात, ते वेगळेच. म्हणून उतारावर वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना, वेग कमी करून दुसरा गिअर टाकावा आणि वळणात ब्रेकला शक्यतो हात लावू नये, म्हणजे पायच.

नवे टायर मात्र मागे बसवा. पुढची चाके घसरली तर स्टिअरिंगमध्ये कळते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर बहुधा पकड परत येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ती सावरणे सरावलेल्या चालकालाही अवघड जाते. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी हेच लागू आहे.

स्कूटरस्वार, डेक्कन

ताई, तुमच्या मुलीसाठी लिहिते. दुचाकीची मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे, परंतु तिथवर थांबू नका. आमच्याकडे दोनच चाके असल्याने एक घसरले की आपण खालीच. माझी स्कूटर गेल्या जूनमध्ये गुलमोहराच्या ओल्या पाकळ्यांवर घसरली. पाकळ्या चाकाखाली चिरडून अक्षरशः साबण झाल्या होत्या. खोदकामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर, झेब्रा पट्ट्यांवर आणि बांधकामाच्या डंपरमधून सांडलेल्या राडारोड्यावर गाडी वाकवायची नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही. आधी वेग कमी करून सरळ पार व्हायचे. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय असते. तिची स्कूटर त्याआधीची असेल, तर दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबण्याचा सराव एखाद्या रिकाम्या मैदानात तिच्याकडून अवश्य करून घ्या.

हडपसर-सासवड प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर घेतला आणि त्याच्या मागच्या बारीक पट्टीने चारही टायर मोजले. नववीची मुले वाहनतळावर येऊन आकडे लिहून घेत होती. पुढच्या दोन्ही टायरच्या मधल्या खोबणीत २.९ मिलिमीटर आणि दोन्ही कडांना २.४. मागे सगळीकडे साधारण ४.६. कडा जास्त झिजल्या, त्या हवा कमी ठेवल्यामुळेच ना? तारखेचे आकडे तुम्ही उदाहरण म्हणून दिलेत त्याच वर्षाचे निघाले.

टायरवाला, नाना पेठ

होय ताई, दोन्ही कडा सारख्या झिजल्या आहेत म्हणजे हवाच कमी होती. पुढचे दोन काढून टाका, मागचे ४.६ वाले पुढे घ्या आणि नवी जोडी मागे बसवा. म्हणजे पुढची पकडही आजच्यापेक्षा सुधारेल. मागचेही त्याच वर्षाचे असतील, तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी त्यांचाही खर्च धरून ठेवा. नवे टायर पहिले शे-दोनशे किलोमीटर थोडे गुळगुळीत असतात, म्हणून या आठवड्यातच, रस्ता कोरडा असताना बसवून घ्या आणि तेवढे अंतर घाटात जपून चालवा.