मदत हवी आहे: लेक सातवीत स्पॅनिश १ घेतेय, काय तयारी ठेवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो, लेक ऑगस्टपासून सातवीत जाईल. इलेक्टिव्हच्या फॉर्मवर तिने स्पॅनिश १ ला टिक केलंय, कारण काय तर मैत्रिणी घेतायत 😀 घरात आम्हा दोघांनाही स्पॅनिशमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे अभ्यास घेणं वगैरे विसराच. त्यात कागदावर लिहिलंय की हा हायस्कूल क्रेडिटचा कोर्स आहे, म्हणजे मिडल स्कूलमधलीच ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर चढणार, ते वाचून मला जरा धडकीच भरली.

होमवर्क रोज असतं का? तोंडी परीक्षा असते का? ती वर्गात तोंडच उघडत नाही हो, मराठी शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाडाचा रोल मागून घेतला होता. आणि वर्गात ज्यांच्या घरी स्पॅनिशच बोलतात अशी मुलं असतील तर हिचा निभाव लागेल का? सासूबाईंचं म्हणणं की आधी मराठी धड येऊ दे, नाहीतर सगळ्याची खिचडी होईल. कोणाची मुलं यातून गेली असतील तर प्लीज सांगा.

कोथिंबीरवडी: माझा मुलगा गेल्या वर्षी यातून गेला. पहिला महिना-दीड महिना नुसती मजा असते, ओला, ग्रासियास, आकडे, वार, रंग, हवामान. सगळ्यांना शंभरपैकी शंभर, पोरं म्हणतात आई हे किती सोप्पंय. मग क्रियापदं सुरू होतात आणि तिथे निम्मा वर्ग घसरतो. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस (मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही बोलतो) असं प्रत्येक क्रियापद चालवायचं, त्यात शेवटी आर, एर आणि ईर असणाऱ्यांचे प्रत्यय वेगवेगळे. होमवर्क फार नव्हतं पण छोट्या क्विझ सतत. रोज दहा-पंधरा मिनिटं क्विझलेटवर (शब्द पाठ करायचं ॲप) शब्द घोकले तर पुरतं, आदल्या रात्री बसलं की बोंब. डुओलिंगो चालेल पण त्याच्या भरवशावर राहू नका, तिथले धडे आणि शाळेचं युनिट काही जुळत नाही.

बाईंचा तास: मी इथे हायस्कूलला स्पॅनिश शिकवते म्हणून थोडं लांब लिहिते. खिचडीची काळजी सोडा, मराठीचा उलट फायदाच होतो. इंग्रजीवाल्या मुलांना टेबल बाईमाणूस का हेच पटत नाही, आपल्याकडे खुर्ची ती आणि पंखा तो हे जन्मापासून अंगात असतं, वर स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नामांची भानगडच नाही. अर्थात शेवटी 'आ' आला की स्त्रीलिंगी आणि 'ओ' आला की पुल्लिंगी हा नियम दरवेळी चालत नाही, दिआ (दिवस) आणि प्रोब्लेमा पुल्लिंगी आहेत आणि मानो (हात) स्त्रीलिंगी, ते पाठच करावं लागतं. तू आणि उस्तेद म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. सगळ्यात भारी म्हणजे 'मे गुस्ता', वर्गात हे समजवायला माझा आठवडा जातो आणि मराठी मुलांना ते "मला आवडतं" सारखंच असल्याने लगेच कळतं. त आणि द चे उच्चारही घरचेच. अडेल ते सेर आणि एस्तार मध्ये, दोन्हींचा अर्थ 'असणं', कुठे कुठलं वापरायचं ते वर्षभर चुकतं, चुकू द्या.

तोंडी परीक्षा या लेव्हलला छोटी असते, जोडीदाराबरोबर चार-सहा वाक्यं, नाहीतर लॅपटॉपवर रेकॉर्ड करून सबमिट. लाजऱ्या मुलांना रेकॉर्डिंग बरं पडतं. घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी बऱ्याच शाळांत वेगळा कोर्स असतो, आणि एकाच वर्गात आली तरी बोलण्यात पुढे असणारी कितीतरी मुलं स्पेलिंगला अडखळतात. एक मात्र कराच, गूगल ट्रान्सलेट बंद. ज्याला अजून वर्तमानकाळ येत नाही तो "मी गेलो असतो तर" छापाची वाक्यं लिहून आणतो, आम्हाला दुसऱ्या ओळीत कळतं.

टेक्सासकर: क्रेडिटबद्दल. इथे ग्रॅज्युएशनला एकाच भाषेची दोन क्रेडिट्स लागतात, सातवीत १ आणि आठवीत २ झालं की हायस्कूलचं ओझं उतरतं. पण ही ग्रेड जीपीएत (हायस्कूलच्या ग्रेडच्या सरासरीत) धरतात की नाही ते डिस्ट्रिक्टवर आहे. काउन्सेलरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि कोर्स सोडायची शेवटची तारीख पण विचारून ठेवा. आणि नुसतं क्रेडिटसाठी घाई करू नका, दोनवर थांबली तर कॉलेजच्या अर्जापर्यंत सगळं विसरलेली असेल, चांगल्या कॉलेजांना तीन-चार वर्षं केलेलं आवडतं.

धागाकर्ती: खूप खूप आभार सगळ्यांचे! काउन्सेलरला ईमेल टाकलाय. @बाईंचा तास, मे गुस्ता सासूबाईंना ऐकवलं, त्या आता स्वतःच तिच्याबरोबर बसणार म्हणतायत 😂 उन्हाळ्याच्या सुट्टीत आधीच थोडं सुरू करावं की कोरी पाटी घेऊन जाऊ दे?

बाईंचा तास: आकडे आणि उच्चार करून घ्या, क्रियापदांना हात लावू नका. ती आमच्यावर सोडा.