एका मिनिटात मेंदूतला रक्तस्राव कळणार? चाचणी कुठे झाली ते आधी विचारा

गावठी डॉक्टर:
सेरेबो म्हणजे मेंदूतला रक्तस्राव प्रकाशाने शोधणारं हातात मावणारं यंत्र. काल इथेच एकाने लिहिलं, "सेरेबो आलंय, आता सीटी स्कॅनची गरज संपली. शंका काढणाऱ्या डॉक्टरांना फक्त धंदा बुडायची भीती आहे." वाचून इतका चिडलो की हा वेगळा धागाच काढला.

हे यंत्र मलाही हवंय. आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद), भोपाळचं एम्स, बंगळुरूची मेंदू-मनोविकारांची संस्था निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च ही कंपनी यांनी मिळून केलेलं काम आहे, अभिमानच वाटतो. पण म्हणून सीटी संपला? या जातीच्या यंत्रांचं तत्त्व साधं आहे. निअर-इन्फ्रारेड प्रकाश कवटीतून आत सोडायचा; साकळलेलं रक्त तो जास्त शोषतं, ती खूण पकडायची. अमेरिकेतल्या इन्फ्रास्कॅनर या अशाच यंत्राला २०११ मध्ये एफडीएची (तिथल्या औषध-उपकरण नियामकाची) मान्यता मिळाली तेव्हा त्याची हद्दही ठरवून दिली होती: रक्त ३.५ मिलीलिटरपेक्षा जास्त हवं आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून २.५ सेंटिमीटरच्या आत हवं. सीटीच्या जोडीला वापरा, सीटीऐवजी नाही, हेही बजावलं होतं. उजव्या-डाव्या बाजूची तुलना करणाऱ्या यंत्राला दोन्हीकडे सारखंच रक्त साचलेलं असेल तर फरक दिसणार कसा?

माझा मुद्दा चाचणीचा आहे. यंत्राचं उत्तर बरोबर की चूक हे सीटीशी ताडून बघावं लागतं, म्हणून चाचणी मोठ्या इस्पितळातच होते. तिथे उजेड असतो, शिकलेला हात असतो. वापर होणार आमच्याकडे, रात्री दोनला, दारू प्यायलेल्या, ओकणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या पेशंटवर. तिथला अचूकतेचा आकडा आमचा आकडा नव्हे.

पायवाट:
डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं बरोबर असेल. माझे वडील गेले ते सांगतो.

शेतातून येताना मोटारसायकल घसरली. कानाच्या वर मार. उठून बसले, चहा घेतला, "मला काय झालं नाही" म्हणाले. सरकारी दवाखान्यात चार टाके घालून घरी पाठवलं. दोन तासांनी बोलणं जड झालं, मग एका डोळ्याची बाहुली मोठी दिसायला लागली. जवळचा सीटी ९० किलोमीटरवर. गाडीतच गेले. मागाहून एकाने सांगितलं, एक्स्ट्राड्युरल होतं, म्हणजे कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्या मध्ये रक्त साचलेलं, वेळेत कळलं असतं तर वाचले असते.

तुम्हाला हवी तशी चाचणी होईपर्यंत आमची माणसं मरू द्यायची का?

गावठी डॉक्टर:
दादा, वाईट वाटलं. पण ज्याने टाके घालून घरी पाठवलं, त्याच्या हातात यंत्र असतं आणि ते "रक्त नाही" म्हणालं असतं तर? त्याने आणखी निर्धास्तपणे पाठवलं असतं. अशा मारात सुरुवातीला रक्त थोडंच असतं, नंतर वाढत जातं. पहिल्या दहा मिनिटांत काय सापडणार?

पायवाट:
आणि "रक्त आहे" म्हणालं असतं तर? ती बाजू तुम्ही धरतच नाही.

काळा फळा:
सीटीची एवढी वकिली ऐकून बोलावंसं वाटलं. माझ्या मुलाला मैदानात सीझन बॉल लागला. ओकला नाही, झोपाळला नाही, टेंगूळ तेवढं आलं. तरी "सीटी करूनच या", आणि चिठ्ठीवर सेंटरचं नावही छापलेलं! कट कोणाला मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्र आलं तर ही दुकानं बंद होतील, म्हणून आरडाओरडा.

गावठी डॉक्टर:
मी २२ वर्षं सरकारी नोकरीत आहे. एका चिठ्ठीचा एक रुपया घेतलेला दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या.

काळा फळा:
तुम्हाला म्हणालो नाही. पण तुमच्याच धंद्यातलं हे तुम्ही कधी बोलून दाखवलंत?

दीपमाळ:
अहो, सीटी कोणाचा करायचा आणि कोणाचा नाही याचे नियम आहेत की! मोठ्यांसाठी कॅनडाचा नियम २००१ पासून आहे: वय ६५ किंवा जास्त, दोन वेळा उलटी, दोन तासांनंतरही जीसीएस (शुद्धीचा गुणांक, पूर्ण शुद्धीत १५) १५ नाही, असे निकष. मुलांसाठी पेकार्न नावाचा तसाच नियम २००९ मध्ये आला, ४२,००० हून जास्त मुलं तपासून. कागद-पेन पुरतं. तुमच्या मुलाला यंत्रही नको होतं आणि सीटीही.

काळा फळा:
मग तो नियम आमच्या डॉक्टरने का नाही वाचला? कारण नियम वाचून कट मिळत नाही.

दीपमाळ:
कट खातात हे मी नाकारत नाही. पण सगळे डॉक्टर चोर असतील तर नवं यंत्रही त्याच चोरांच्या हातात जाणार आहे. "यंत्राने शंका दाखवली, लगेच सीटी करा," हे सांगायला किती वेळ लागतो?

काळा फळा:
हे मात्र खरं. यंत्राच्याही चिठ्ठ्या फाटतील. पण कटाबद्दल म्हणालो ते मागे घेणार नाही.

सांजवात:
अपघात विभागात सिस्टर आहे. तुम्ही सगळे कटावरच भांडताय. प्रकाशाने तपासायचं तर सेन्सर कातडीला टेकायला हवा. बाई येते तेव्हा तेलाचा घट्ट अंबाडा, त्यात रक्त सुकून केसांची गाठ झालेली, खाली टेंगूळ. मी ओल्या बोळ्याने एकेक बट सोडवते, ती किंचाळते, नातेवाईक आमच्यावर ओरडतात. एक मिनिट म्हणता, ते केस सोडवल्यावरचं. आणि टेंगळातही रक्तच असतं, त्यानेही यंत्र फसू शकतं. असे पेशंट चाचणीतून वगळले होते का, हे मला आधी कळायला हवं.

गावठी डॉक्टर:
सिस्टर, मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं सांगितलंत. पायवाट, तुमचंही एक मान्य करतो. "आहे" आलं तर सीटीची वाट न बघता गाडी थेट न्यूरोसर्जनकडे काढता येईल. तेवढ्यासाठी यंत्र आजही घ्यावं. पण "नाही" आलं म्हणून कोणाला घरी सोडायचं नाही. सहा तास समोर ठेवायचं, दर अर्ध्या तासाने उठवून बाहुल्या बघायच्या. हे यंत्राबरोबर लेखी आलं पाहिजे.

पायवाट:
लेखी येणार असेल तर माझी ना नाही. पण साहेब, त्या रात्री तिथे एकच सिस्टर होती आणि दोन खाटा होत्या, दोन्ही भरलेल्या. सहा तास ठेवायचं ते कुठे?