खोकताना लघवी सुटते, मग तपासणी श्वासाची आणि खुब्याची कशासाठी?

चौकस

दुसऱ्या प्रसूतीनंतर काही महिन्यांनी खोकताना, शिंकताना किंवा बाळाला उचलून घेताना थोडी लघवी सुटते, असे माझ्या लक्षात आले. सगळीकडे सुचवले जाते म्हणून मी व्हिडिओ पाहून केगल व्यायाम (लघवी रोखल्यासारखे आतले स्नायू आवळण्याचे) सुरू केले आणि नेटाने चालू ठेवले. गळती कमी झाली नाहीच, उलट उजव्या खुब्याच्या आत खोलवर दुखू लागले आणि लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागू लागला. स्त्रीरोगतज्ज्ञांनी संसर्ग नसल्याची खात्री करून मला श्रोणीच्या (कमरेखालच्या हाडांच्या वाटीसारख्या भागाच्या) तक्रारींवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले.

तिथल्या पहिल्या भेटीनंतर मी गोंधळात आहे. बाईंनी श्वास घेताना बरगड्या किती पसरतात ते पाहिले, खुर्चीतून उठायला लावले, एका पायावर उभे केले, दोन्ही खुबे आत-बाहेर फिरवून तुलना केली, शौचाच्या सवयींबद्दल बारकाईने विचारले आणि शेवटी केगल तूर्त थांबवायला सांगितले. 'आपण संपूर्ण शरीराचा विचार करून उपचार ठरवू,' असे त्या म्हणाल्या. याला शास्त्रीय आधार आहे, की मूळ तक्रारीला घातलेला हा वळसा आहे?

अस्थिपंजर

मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पेल्व्हिक फ्लोअर म्हणजे श्रोणीचा तळ, पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत पसरलेला स्नायूंचा थर. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो. मात्र तो एकटा कधीच काम करत नाही. पोटाच्या पोकळीला वरून श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा), पुढून व बाजूंनी पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आणि मागून मणक्यांलगतचे स्नायू बंदिस्त करतात. श्वास आत घेताना श्वासपटल खाली येते आणि श्रोणीचा तळही किंचित खाली सरकतो. श्वास सोडताना दोन्ही वर जातात. वजन उचलताना श्वास रोखून पोट आवळण्याची सवय असेल, तर वाढलेला दाब खालीच ढकलला जातो. आपल्याला खुर्चीतून उठायला लावले ते बहुधा हेच पाहण्यासाठी.

खुब्याचा संबंध तर शरीररचनेतच आहे. ऑब्च्युरेटर इंटर्नस नावाचा, मांडी बाहेरच्या दिशेने फिरवणारा स्नायू श्रोणीच्या आतल्या भिंतीवरून निघतो आणि बाहेर पडून मांडीच्या हाडाला जोडला जातो. पेल्व्हिक फ्लोअरच्या मुख्य स्नायूचा काही भाग याच स्नायूवरच्या आवरणाला जोडलेला असतो. त्यामुळे खुब्यात खोलवर जाणवणाऱ्या दुखण्याचा उगम पुष्कळदा श्रोणीच्या आत सापडतो, आणि कधी याच्या उलटही घडते.

केगल थांबवण्याचे कारण मला आपण सांगितलेल्या लक्षणांतच दिसते. धार सुरू व्हायला वेळ लागणे आणि व्यायामानंतर दुखणे वाढणे, ही दोन्ही लक्षणे स्नायू पुरेसे सैल होत नसल्याकडे बोट दाखवतात. गळती होते म्हणजे स्नायू दुबळाच असला पाहिजे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सतत आखडलेला स्नायूही ऐन खोकल्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. आधीच घट्ट वळलेल्या मुठीला आणखी काय पकडता येणार? अशा वेळी आधी श्वासाबरोबर तळ सैल सोडायला शिकवतात, ताकदीचे व्यायाम नंतर येतात. अर्थात हा अंदाज आहे. प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करता येत नाही. धार अडखळते हे स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सांगावे, म्हणजे लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीने पाहता येईल.

पुराव्यानिशी

वरच्या प्रतिसादातील शरीररचना योग्य आहे. मात्र 'संपूर्ण शरीर' या शब्दांच्या आडोशाने बरेच काही खपवले जाते, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

हे व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखले जातात, त्या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात दाब मोजणारे उपकरण आणि प्रत्यक्ष तपासणी यांना मध्यवर्ती स्थान होते. पुढे तो भाग गळाला आणि 'लघवी रोखल्यासारखे आवळा' एवढेच उरले. अमेरिकेतच 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 47 स्त्रियांना केवळ तोंडी सूचना दिल्या गेल्या. जवळपास निम्म्या जणींना आकुंचन नीट जमले, तर सुमारे चौथा हिस्सा असा जोर लावत होता की त्याने गळती वाढण्याचीच शक्यता होती. तेव्हा व्हिडिओ पाहून केलेल्या व्यायामांचा उपयोग झाला नाही, यावरून ते व्यायामच निरुपयोगी ठरत नाहीत.

खोकताना होणाऱ्या गळतीसाठी सर्वांत भक्कम पुरावा आजही तज्ज्ञाच्या देखरेखीखालील पेल्व्हिक फ्लोअरच्या व्यायामांचाच आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना प्रथम उपचार म्हणून ते किमान 3 महिने, दिवसातून 3 वेळा, दर वेळी किमान 8 आकुंचने अशा प्रमाणात सुचवते. नुसता श्वास सुधारून, खुबा मजबूत करून किंवा बसण्याची ढब बदलून गळती थांबते, असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

म्हणून माझे मत असे आहे की तपासणी संपूर्ण शरीराची जरूर व्हावी. पण तिच्यातून निश्चित निष्कर्ष निघावा आणि तो पडताळता यावा. श्वास बदलून खोकल्यावर गळती तिथल्या तिथे कमी होते का? खुब्याचा स्नायू सैल केल्यावर दुखणे उतरते का? आपल्या फिजिओथेरपिस्टना हे जरूर विचारा, आणि थांबवलेले व्यायाम कशावरून व केव्हा पुन्हा सुरू करायचे, हेही विचारा. याचे उत्तर मिळत नसेल, तर आपली शंका रास्त समजा.

अस्थिपंजर

देखरेखीच्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. फक्त एक भर घालते: नाइसचीच सूचना असे व्यायाम सुरू करण्याआधी आकुंचन जमते का ते तपासून घ्यायला सांगते, म्हणजे सरसकट सर्वांना एकच मात्रा द्यावी, असे तिथेही म्हटलेले नाही.

साठीपार

हा विषय केवळ स्त्रियांचा नाही, म्हणून लिहितो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर मलाही गळतीचा त्रास झाला आणि माझीही तपासणी अशीच झाली. सर्वांत अनपेक्षित सल्ला शौचाबद्दलचा होता. मला जुनाट बद्धकोष्ठता होती आणि रोज कुंथल्यामुळे श्रोणीच्या तळावर सतत भार येत होता. पायांखाली छोटे स्टूल घेऊन, गुडघे खुब्यांपेक्षा उंच ठेवून आणि थोडे पुढे झुकून बसल्यास गुदाशयाभोवतीचा स्नायू सैलावतो व मार्ग सरळ होतो, असे मला समजावण्यात आले. यासोबत आकुंचनाचे व्यायामही चालूच होते, त्यामुळे कशाचा किती उपयोग झाला, हे सांगणे कठीण आहे.

चौकस

सर्वांचे आभार. पुढच्या भेटीत आतून तपासणी करू, असे बाईंनी सुचवले आहे. त्याला पर्याय असतो का? मनात संकोच आहे आणि दुखेल अशी भीतीही आहे.

अस्थिपंजर

पर्याय असतात. स्नायू आकुंचन पावतो की नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नंतर पूर्ण सैल होतो की नाही, हे हातमोजा घातलेल्या बोटाने आतून तपासल्यास सर्वांत स्पष्ट कळते. परंतु पोटावरून किंवा बाहेरून केलेल्या सोनोग्राफीतही हालचाल दिसते, आणि बाहेरून स्पर्श करूनही बरेच समजते. तपासणीपूर्वी तिचा उद्देश समजावून सांगणे आणि आपली स्पष्ट संमती घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे. संमती दिल्यानंतरही आपण कोणत्याही क्षणी थांबायला सांगू शकता, सोबत कोणाला तरी नेऊ शकता किंवा तपासणी पुढच्या एखाद्या भेटीवर ढकलू शकता. दुखत असताना दात-ओठ खाऊन ती पूर्ण करण्यात काहीच अर्थ नसतो, कारण भीतीने आवळलेल्या स्नायूवरून खरी स्थिती कळत नाही.

भेटीआधी 3 दिवस किती प्यायलात, केव्हा व किती लघवी झाली आणि गळती नेमकी कोणत्या हालचालीला झाली, याची नोंद ठेवावी. धार मध्येच रोखून सराव करणे मात्र टाळावे, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, जी फिजिओथेरपीच्या कक्षेबाहेरची आहे: मांड्यांच्या मधल्या भागात किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी अचानक अजिबात न होणे, शौचावरचा ताबा जाणे किंवा दोन्ही पायांत अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. लघवीतून रक्त दिसल्यास तेही डॉक्टरांना लवकरात लवकर दाखवावे.