मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीतल्या लांबच्या प्रवासाचं शूटिंग

नमस्कार मंडळी, इलेक्ट्रिक गाडीतून लांबच्या प्रवासाचे व्हिडिओ करतोय. सगळ्यात जास्त अडतंय ते आवाजावर. इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे ताशी ८० च्या पुढे गेलं की टायर आणि वाऱ्याचा आवाज उघडा पडतो आणि माइकमध्ये तोच भरतो. कॉलर माइकने बोलणं बरं येतं, पण मागची घूंघूं राहतेच. सॉफ्टवेअरने ती काढली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. तुम्ही काय करता?

समोरच्या काचेवर डॅशबोर्डचं प्रतिबिंबही पडतं. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावून फिरवला की ते जातं, पण त्याच कोनात गाडीच्या स्क्रीनवरचे बॅटरीचे आकडे काळे पडतात! आणि मला तर तेच दाखवायचेत. दोन वेगळे कॅमेरे ठेवणं हाच उपाय आहे का?

चार्जिंगचं टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला वेगवान व्हिडिओ) घेतो. ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, तो भाग कापू नये असं मला ठामपणे वाटतं, लोकांना खरा वेळ कळायला हवा. त्यासाठी किती सेकंदांना एक फोटो ठेवावा?

आणि टपावर कॅमेरा लावल्यावर रेंजमध्ये (एका चार्जमध्ये गाडी जाते त्या अंतरात) किती फरक पडतो, हे कोणी मोजलं असेल तर जरूर सांगा.