जर्मनीत मास्टर्स: शेतीवर कर्ज मिळेना, ब्लॉक्ड अकाउंट आणि तिथल्या परीक्षा

मांजराकाठ
मुलाला जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात मेकॅनिकलच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. सेमिस्टर १ ऑक्टोबरपासून. एपीएस (जर्मन दूतावासाची मार्कशीट-पदवीची पडताळणी) झालं. आता अडलंय ते असं: ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरायचेत आणि लातुरात बँकवाले शेती तारण चालत नाही म्हणायलेत, आठ एकर बागायत असून. दुसरं, मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी आहे; एजंट म्हणतो सगळ्याचं अपॉस्टिल (परदेशात कागद खरा धरावा म्हणून सरकारी शिक्का) करा, त्याचे पैसे वेगळे. तिसरं, तिथल्या परीक्षा कशा असतात? इथं दोनदा एटीकेटी लागली होती, म्हणून काळजी. माहीतगारांनी सांगावं.

गोदाकाठ
बँकवाले मुद्दाम अडवत नाहीत, कायदाच तसा आहे. कर्ज थकलं की बँक सरफेसी कायद्याने (२००२) कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू शकते. त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे. त्यामुळे तुमचा सातबारा पीककर्जाला चालतो, शिक्षणकर्जाला नाही. आठ एकर असो की ऐंशी.

चालतं ते एवढं: मंजूर ले-आउटमधला एनए (बिगरशेती) प्लॉट, बांधकाम परवाना असलेलं शहरातलं घर, एफडी, आणि एलआयसीची पॉलिसी (तीही सरेंडर व्हॅल्यूपुरती). गुंठेवारीतला प्लॉट नियमित केलेला नसेल तर फाइल तिथंच बसते. गावठाणातल्या घराचंही तेच. नमुना ८ हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा, तो मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड हातात आलं असेल तर ते घेऊन शाखेत जा, मग निदान बोलायला जागा राहते.

मामाचा किंवा काकाचा प्लॉट देता येतो, पण मग ते जामीनदार म्हणून सहीला हवेत. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन यात तीन-चार आठवडे जातात, तेव्हा व्हिसाच्या तारखेपासून उलटं मोजा. नाहीतर साडेसात लाखांच्या आतलं बिनतारण कर्ज घ्यायचं आणि वरचे घरचे घालायचे. पीएम विद्यालक्ष्मीच्या नादी लागू नका, ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे.

पैनगंगा
११,९०४ हा आकडा १ सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. अर्ज भरायच्या आधी दूतावासाच्या साइटवर पुन्हा बघून घ्या, हा आकडा अधूनमधून वाढतो. तिथं गेल्यावर महिना ९९२ युरो सुटतात.

पैसे पाठवताना दोन रकाने जपा. पर्पज कोड एस०३०५, म्हणजे शिक्षण. दुसरा कोड पडला तर टीसीएसचा (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या आयकराचा) दर बदलतो. युरो १०० रुपयांना धरला तर ही रक्कम ११ लाख ९० हजार होते. एप्रिल २०२५ पासून १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, वरच्या रकमेवर लागतो. ज्याच्या पॅनवर पैसे गेले त्याला तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. मान्यताप्राप्त बँकेच्या शिक्षणकर्जातून गेलेल्या पैशाला टीसीएस नाहीच.

दुसरा रकाना चार्जेसचा. तिथं 'ओयूआर' लिहायला लावा, म्हणजे वाटेतला सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. 'शेअर' ठेवलं की मधली बँक आपलं कापून घेते, तिकडे ११,८८५ पोचतात, आणि १९ युरो कमी पडले म्हणून खातं भरल्याचं पत्र निघत नाही. मग त्या १९ युरोंसाठी पुन्हा स्विफ्ट (परदेशी बँक ट्रान्सफर), पुन्हा चार दिवस. खातं उघडून देणाऱ्याची फी आणि वर ४०-५० युरो आधीच जास्त टाका.

आणि हे पैसे विमानातून उतरल्या दिवशी मिळत नाहीत. तिथलं चालू खातं उघडेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. डिपॉझिट कायद्याने ३ महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येतं, ते ९९२ मध्ये बसत नाही. फॉरेक्स कार्डावर निदान १,५०० युरो वेगळे ठेवा. विद्यापीठ स्टुटगार्ट, कार्लस्रूहे, फ्रायबुर्ग अशा बाडेन-व्ह्युर्टेमबर्गमधल्या गावचं असेल तर सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, तीही यातून धरू नका.

बालाघाट
अपॉस्टिलला नाही म्हणा. भारताच्या अपॉस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, तिथं ते धरत नाहीत.

नावाचा क्रम उलटा असल्याने काही अडत नाही. अडतं ते स्पेलिंग. दहावीच्या मार्कशीटवर चव्हाण 'व्ही'ने आणि पासपोर्टवर 'डब्ल्यू'ने असेल तर आधी ते निस्तरा. ब्लॉक्ड अकाउंट, विमा, तिकीट, विद्यापीठाचा फॉर्म, सगळीकडे पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच.

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. पोटभाड्याने खोली देणारे बरेचजण ही सही द्यायला कां-कूं करतात, म्हणून पैसे द्यायच्या आधीच विचारा. मग पहिलं काम: टपालपेटीवर नावाची चिठ्ठी. जर्मन पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसलं की बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं परत जातं.

आरोग्य विमा: तिशीच्या आत असेल तर सरकारी विमाच घ्या, महिना दीडशे युरोच्या आसपास. स्वस्त बघून एकदा खासगी घेतला की शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परत येता येत नाही.

गोदाकाठ
परीक्षांचं सांगतो, कारण मुलं तिथंच फसतात.

नापास विषय राहिला म्हणून वर्ष अडकत नाही, पुढच्या सेमिस्टरचे विषय घेता येतात. पण संधी मोजक्या असतात, बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन. तिसऱ्यांदा नापास झाला की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. व्हिसा शिक्षणावर असल्याने तोही धोक्यात. नेमक्या संधी किती ते त्या कोर्सच्या 'प्र्युफुंग्सऑर्डनुंग'मध्ये, म्हणजे परीक्षा नियमावलीत असतं. ती पहिल्याच आठवड्यात काढून वाचायची.

विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला बसला असं नाही. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी, ठरलेल्या मुदतीत. मुदत गेली की लेट फी भरून वगैरे काही होत नाही. उलट नोंदणी केली, वेळेत रद्द केली नाही आणि गेलाच नाही, तर ५.० म्हणजे नापास आणि एक संधी खर्च. आजारी पडला तर लगेच डॉक्टरचा दाखला द्यायचा.

टर्मवर्क, इंटर्नलचे गुण बहुतेक विषयांत नाहीत. शेवटचा एक पेपर, तोच शंभर टक्के. मागच्या प्रश्नपत्रिका विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, 'फाखशाफ्ट'कडे मिळतात. निकालानंतर तपासलेला पेपर बघायला एक दिवस ठेवतात, त्या दिवशी जायचंच. दोन-चार गुण तिथंच मागता येतात. रिचेकिंगचा फॉर्म नंतर नाही.

भार: सेमिस्टरला ३० क्रेडिट, एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं. म्हणजे ९०० तासांपर्यंत. पहिल्या सेमिस्टरला २० ते २४च घ्यावेत. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिले सहा महिने काम नको असंच माझं मत.

मांजराकाठ
लै उपकार झाले. एजंटला आजच नाही कळवतो. घरची तूप आणि येसूर बांधून द्यायचं म्हणायलीय, चालतं का?

बालाघाट
येसूर, काळा मसाला, कारळाची आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी खुशाल द्या. तूप, खवा, पेढे काढून ठेवा. युरोपीय संघात बाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून द्या. कुकर सपाट बुडाचा घ्या, वसतिगृहात गॅस नसतो, विजेची शेगडी असते.