माल पोचल्याचे कागद समोरच्याकडे आहेत, कोर्टात कसे आणायचे?

भोसरी_सप्लायर: शिवाजीनगर जिल्हा न्यायालयात १८ लाखांच्या थकबाकीचा कमर्शिअल दावा आहे. गेल्या आठवड्यात प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर) आली. 'माल पोचलाच नाही' असा बचाव. आमच्याकडे माल पोचवल्याची सही-शिक्क्याची चलनं आहेत, पण त्यांची गेट-नोंदवही आणि जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची नोंद) त्यांनी कागदांच्या यादीत लावलेच नाहीत. ते कसे मागवायचे? त्यांच्या खरेदी विभागाने व्हॉट्सॲपवर त्याच मालाच्या दर्जाची तक्रार केली होती, त्याचा उपयोग होईल का?

कागदयादी: कमर्शिअल दाव्याला दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ११ (कागद दाखवणं-तपासणं) वेगळी आहे, साध्या दाव्याची नाही. कैफियत दाखल झाल्यापासून ३० दिवसांत एकमेकांचे कागद तपासायचे. कोर्ट आणखी फार तर ३० दिवस देतं. तपासणीनंतर १५ दिवसांत कबुली-नकाराचं शपथपत्र, आणि खरी पकड इथेच आहे. नुसतं 'नाकबूल' चालत नाही. मजकूर, अस्तित्व, सही, पाठवणं-मिळणं, ताबा यांपैकी काय नाकारता आणि का, हे लिहावंच लागतं. चलनावरचा शिक्का आपला नाही असं शपथेवर म्हणणं सोपं नसतं.

जीआरएनसाठी याच ऑर्डरच्या नियम ५ खाली अर्ज करा. कागद हजर करायला किंवा का जमत नाही ते सांगायला ७ ते १५ दिवस मिळतात. सबळ कारणाशिवाय टाळलं तर कोर्ट त्यांच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं, खर्चही बसवू शकतं.

तारीख_पे_हजर: हा अर्ज फसतो तो मोघमपणामुळे. 'सर्व हिशेबवह्या हजर कराव्यात' लिहिलंत की 'नुसती चाचपणी चालली आहे' असा 'से' (समोरच्याचं लेखी म्हणणं) येणार. चलन क्रमांक, तारीख, गाडी नंबर यांचा तक्ता जोडा आणि त्या-त्या दिवसाचंच नोंदवहीचं पान मागा.

त्याच अर्जात तुमच्या बिलांवर त्यांनी घेतलेल्या इनपुट टॅक्स क्रेडिटचा (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) तपशीलही मागा. जीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे माल मिळाल्याशिवाय ते क्रेडिट घेता येत नाही. घेतलं असेल तर त्यांचा बचाव लंगडा पडतो. माझ्या मते जीआरएनपेक्षा हा कागद भारी: नोंदवही 'गहाळ' होऊ शकते, भरलेलं विवरणपत्र नाही.

कागदयादी: हा मुद्दा पहिल्याच अर्जात घ्या, मागाहून नको.

निशाणी_क्रमांक: व्हॉट्सॲपचे मेसेज दाव्यासोबतच्या यादीत होते का? नसतील तर आता कोर्टाची परवानगी लागेल आणि तेव्हा का दिले नाहीत याचं पटणारं कारणही. प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ६३(४) चं प्रमाणपत्र हवं: भाग 'अ' फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, दोन्हीत हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा). सुटे स्क्रीनशॉट लावण्यापेक्षा पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून त्या फाइलची हॅश काढा. दावा संपेपर्यंत तो फोन फॉरमॅट करू नका.

भोसरी_सप्लायर: मेसेज यादीत आहेत, प्रमाणपत्र मात्र लावलेलं नाही.

निशाणी_क्रमांक: मग वाट मोकळी आहे. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब वरच्या २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी संपण्यापूर्वी प्रमाणपत्र घेता येतं असं म्हटलं आहे. तरी सरतपासणीच्या (आपल्या साक्षीदाराच्या मुख्य साक्षीच्या) शपथपत्राआधीच दाखल करा, म्हणजे निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडताना हरकत येणार नाही.